चवळीला दाखवलेलं ऊन

लग्न ठरवताना तिने एकच अट घातली होती. चाळीस पिढ्या पूर्ण होईपर्यंत मूल नाही.

"कुणाच्या पिढ्या?" मी विचारलं.

"भुंगेऱ्यांच्या. कडधान्यात होतात ते. एक पिढी सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांची. म्हणजे तीन वर्षं आणि थोडं वर."

ज्या मुली मी तोवर पाहिल्या होत्या त्यांच्या अटी पुण्यात फ्लॅट, सासू-सासरे वेगळे, अशा होत्या. ही अट मला आवडली. मी लगेच हो म्हणालो. लगेच हो म्हणणं हा माझा जुना गुण आहे, आणि या आठवणीत तो पुन्हा एकदा येणार आहे.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्यासारखी बरीच मराठी मंडळी चेन्नईत येऊन पडली होती, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी मोटारींच्या कारखान्यात. मी अंबत्तूरला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात होतो. इतरांनी केलेल्या चुका मोजायच्या, त्यांचा आलेख काढायचा आणि तो पाहुण्यांना दिसेल अशा भिंतीवर लावायचा, असं ते काम होतं. ती नुंगंबाक्कमच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. आम्ही अंबत्तूरला एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीणबाई. त्या तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी आले आणि येताना आणलेली भाषा त्यांनी नीट घडी घालून ठेवली, मधल्या काळात तिला तमिळची चांगलीच हवा लागली. "जेवलांत-आ?" असं त्या जिन्यातून विचारायच्या. त्यांच्या बोलण्यात 'बरवं' हा शब्द अजून रोजच्या वापरातला होता. आम्ही सगळ्या आळीसारखं त्यांना मामी म्हणायचो.

तिचा विषय मला समजायला वर्ष लागलं. एका शनिवारी तिने मला कॉलेजात नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. काचेखाली चवळीचा एक दाणा होता आणि दाण्यावर तिळाएवढे दोन भुंगेरे. नर मादीवर चढला होता. थोड्या वेळाने मादी मागच्या पायांनी त्याला लाथा मारायला लागली. कंटाळा आल्यासारख्या नव्हेत, जिवाच्या करारावर.

"नराच्या त्या अवयवाला काटे असतात," ती म्हणाली. "आत जखमा होतात. म्हणून ती लाथा मारते. लवकर सुटली तर जखम कमी."

"मग काटे कशाला?"

"ज्याला काटे जास्त त्याची पिल्लं जास्त, असं दिसतं."

"तिला जखमी करून याला काय मिळतं?"

"जखमेचं त्याला काही मिळत नाही. तिला इजा व्हावी म्हणून तो काही करतच नाही. त्याला आपलं काम साधायचं असतं. जखम ही तिची बाब."

हे तिने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मी डोळा काचेला तसाच लावून ठेवला. वर पाहिलं असतं तर तिच्याकडे पाहावं लागलं असतं.

तिने भुंगेऱ्यांची दोन कुळं चालवली होती. ती त्यांना 'लाइन' म्हणायची, मी घराणी म्हणायचो. एका घराण्यात बरेच नर आणि बऱ्याच माद्या एका बाटलीत सोडलेल्या, कुणीही कुणाबरोबर. दुसऱ्या घराण्यात प्रत्येक नराला एकच मादी, एका छोट्या नळीत दोघंच, मरेपर्यंत. मग दाण्यांवर घातलेली अंडी गोळा करायची, त्यांतून पुढची पिढी, पुन्हा जोड्या. पहिलं झुंडीचं घराणं, दुसरं जोडीचं.

"जोडीतल्या नराला दुसरी मिळणारच नसते," तिने सांगितलं होतं. "हिचं जितकं नुकसान तितकं त्याचं. ही लवकर मेली तर अंडी कमी. अशा ठिकाणी पिढ्यामागून पिढ्या मवाळ नर टिकायला हवेत. दोघांचा स्वार्थ एक झाला की भांडण मिटायला हवं."

"मिटतं?"

"तेच तर बघायचंय. त्यासाठी पिढ्या लागतात. मध्ये एक जरी तुटली की पुन्हा पहिलीपासून."

तिच्या मार्गदर्शकांना हा विषय मान्य होता, त्याचं नाव मान्य नव्हतं. ते विभागप्रमुख होते आणि त्यांना शाल फार शोभायची. वर्षातून चार-पाच वेळा तरी ती त्यांच्या खांद्यावर कुणी ना कुणी घालायचंच. 'लैंगिक संघर्ष' हे शब्द विभागाच्या भिंतीवरच्या फलकावर नकोत, असं त्यांनी बजावलं होतं. पाहुण्यांत बायका असतात. तिने निमूटपणे दुसरं शीर्षक दिलं. ते त्यांनी आणखी सौम्य केलं. शेवटी फलकावर जे छापून आलं त्याचा अर्थ 'कीटकांतील सहजीवन' असा होत होता. काटे आणि लाथांच्या आकृत्या त्याच्या खाली जशाच्या तशा होत्या.

तेविसावी पिढी चालू असताना आई सांगलीहून आली. तिला गुडघ्याचं दुखणं होतं आणि आमच्याकडे येण्यासाठी दुसरं कारण तिला लागत नव्हतं. ती आली, तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, मामींशी मैत्री केली. दोघी दुपारी गच्चीवर बसायच्या. एक सांगलीची मराठी बोलायची, दुसरी तंजावरची, आणि कुणाचंही काही अडायचं नाही. मामी तांदळाचे वडाम, म्हणजे तिकडच्या पापड्या, वाळत घालायच्या, आई कावळे हाकायची.

सून कॉलेजात काय करते हे आईने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "कडधान्यातल्या किडीवर संशोधन करते." हे खोटं नव्हतं. आईने त्याचा जो अर्थ घेतला तो तिच्या बाजूने अगदी बरोबर होता. किडीवर संशोधन म्हणजे कीड मारायचा उपाय शोधणं. दुसरं काय असणार? ती चारचौघांत अभिमानाने सांगायला लागली की सूनबाई भुंग्यावर औषध काढतेय. मी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर काट्यांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि आईशी बोलायचे आमचे विषय ठरलेले होते, गुडघा, भाजी आणि नातेवाइकांची आजारपणं.

एक विषय मात्र तिने वाढवला. "तुमचं काय ठरलंय?" तिने एकदा मला एकट्याला गाठून विचारलं.

"तिचं संशोधन होऊ दे."

"ते कधी होणार?"

"सतरा पिढ्या राहिल्यात."

"सतरा पिढ्या मी कुठं बघायला असणार आहे रे," आई म्हणाली. मग मी तिला हिशेब समजावला, सव्वा वर्ष. समजावताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की हा हिशेब मी रोज करतो आहे. सकाळी बसस्टॉपवर उभा असताना, कारखान्यात चुकांचा आलेख भरताना. बायकोला मी हे कधी बोललो नव्हतो. अट मान्य केलेल्या माणसाने तक्रार करायची नसते. तो नुसतं मोजत बसतो.

मे महिन्यात कॉलेजला दर्जा ठरवणारी समिती भेट देणार होती. तिच्या स्वागतासाठी सगळ्या इमारतीला रंग द्यायचं ठरलं. विभागप्रमुखांनी प्रयोगशाळा स्वच्छ दिसावी म्हणून कीटकनाशकाची फवारणीही सांगितली. कीटकांच्या प्रयोगशाळेत. तिने जाऊन विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आठ दिवसांचा प्रश्न आहे, अम्मा. तुझे किडे कुठे तरी हलव."

ती रिक्षातून बारा बाटल्या घरी घेऊन आली. जोडीच्या सहा, झुंडीच्या सहा. चोविसावी पिढी दाण्यांच्या आत अळीच्या रूपात होती, त्यामुळे आठ दिवस हात लावायची गरज नव्हती. प्रत्येक बाटलीला वर मलमलीचं फडकं आणि दोरा, अंगावर बारीक अक्षरात खुणांच्या चिठ्ठ्या. तिने आमच्या झोपायच्या खोलीतलं लाकडी कपाट रिकामं केलं, तळाला तापमापक ठेवला आणि बाटल्या दोन रांगांत मांडल्या. काम संपल्यावर ती पलंगावर बसली आणि उघड्या कपाटाकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी तोवर फक्त नव्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. हे मी तिला बोललो असतो तर तिने मला घराबाहेर काढलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

समिती यायच्या दिवशी सगळ्या संशोधक मुलींना रेशमी साडी नेसून फाटकापाशी उभं राहायचं होतं. कुणाकडे चंदनाची वाटी, कुणाकडे खडीसाखर. तिच्याकडे गुलाबपाणी शिंपडायची चांदीची झारी आली होती. सकाळी साडी नेसता नेसता तिने मला सांगितलं, "आईंना कपाटाचं सांग. बाटल्या कशासाठी आहेत ते नीट समजावून सांग. मला वेळ नाही, आणि माझ्यापेक्षा तुझं ऐकतील."

"सांगतो."

"आत्ता सांग."

"अगं सांगतो. तू जा, तुझी झारी वाट बघतेय."

ती हसली आणि गेली. मी आईकडे गेलो. आई भाजी निवडत होती. मी तिला विचारलं, गुडघा कसा आहे. मग मी कामाला गेलो.

अकराच्या सुमाराला मोबाइल वाजला. मी यंत्रापाशी उभा राहून पिस्टनच्या पिनांचा व्यास तपासत होतो. भोवती आवाज होता, पण आईचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. याबद्दल मी कधीच सबब सांगितलेली नाही.

"अरे, कपडे ठेवायला तुमचं कपाट उघडलं. त्यात चवळीच्या बाटल्या आहेत, पार किडलेल्या. तळाला मेलेले भुंगे, दाण्यांवर पांढरे ठिपके. तिच्या कॉलेजच्या का?"

"हं."

"ऊन दाखवू का? आज ऊन कडक आहे. मामीपण गच्चीवरच आहे."

पुढे कितीतरी वेळा मी त्या क्षणात परत जाऊन उभा राहिलो आहे. माझ्या एका हातात पिन होती. ती मापात होती. मी म्हणालो, "दाखव."

आमच्याकडे, म्हणजे सांगलीकडे, कडधान्य वर्षभरासाठी भरताना त्याला ऊन दाखवतात. त्यात विचारण्यासारखं काही नसतं, कुणी आईला ते कधी विचारत नाही. तरी तिने फोन करून विचारलं. परक्या घरात सुनेच्या वस्तूला हात लावण्याआधी मुलाची परवानगी घेतली. याहून नीट कुणी कसं वागणार?

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा ती माझ्याआधी पाच मिनिटं आली होती. अंगावर साडी तशीच, केसांत मोगरा. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आई तिला दाखवत होती. आईने एक जुनं धोतर अंथरून त्यावर बाटल्या ओतल्या होत्या, काळ्या गच्चीवर, पाच तास. वर प्लास्टिकचा कागद टाकला होता म्हणजे धग आत कोंडून राहील. ती युक्ती मामींची. मग सुपाने पाखडलं. पोचट दाणे कावळ्यांना घातले. राहिलेल्यातले थोडे संध्याकाळच्या उसळीला काढले. बाकीच्यांना एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा पाला घालून स्टीलच्या डब्यात भरलं. बाटल्या धुऊन ओळीत पालथ्या घातल्या होत्या. चिठ्ठ्या भिजून निघाल्या होत्या.

"एक किडा राहिला नाही बघ," आई म्हणाली. "तुझ्या कॉलेजात सांग, औषधबिवषध काही लागत नाही. ऊन पुरतं."

तिने डबा उघडला, आत बोटं घातली, तेल लागलेले दाणे वर केले आणि सोडले. मग तिने अगदी हळू, ज्या आवाजात आपण आजारी माणसाला विचारतो तशा आवाजात विचारलं, "आई, आधी कुठल्या रांगेतल्या बाटल्या ओतल्यात, आठवतं का तुम्हाला?"

"सगळ्या एकत्रच ओतल्या की. का गं?"

"काही नाही. सहज."

जेवताना तिने उसळ वाढून घेतली. आई म्हणाली, आणखी घे, दिवसभर उभी होतीस. तिने आणखी घेतली. तिने पान स्वच्छ केलं, ताटं उचलली, मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता.

खोलीत आल्यावर ती म्हणाली, "तू सांगितलं नव्हतंस ना त्यांना?"

"राहून गेलं."

तिने मान हलवली. "त्यांना काही बोलू नकोस. त्यांना माहीत नव्हतं. त्यांना कळलं तर त्या इथे पुन्हा येणार नाहीत."

मी फोनबद्दल तेव्हा सांगायला हवं होतं. जागा होती, वेळ होता. पण तिने माझी एक चूक माफ केली होती आणि ती लहान चूक होती, विसरण्याची. माणूस लहान चुकीच्या आड चांगला लपतो. शिवाय दोष आईच्या अडाणीपणावर जाऊन बसला होता आणि आईला त्याचा पत्ता नव्हता, म्हणजे त्याचा कुणाला त्रासही नव्हता. मी इतका विचार केला. गुणवत्ता विभागातला माणूस होतो, कारणांची साखळी कुठे तोडायची ते मला कळायचं.

तिने डब्यातले सगळे दाणे पुसून, धुऊन, वाळवून एका परातीत पसरले आणि परात कपाटात ठेवली. आत एखादी अळी वाचली असेल तर आठ-दहा दिवसांत बाहेर पडेल. फार उशीर धरला तर पस्तीस दिवस. रोज सकाळी ती कपाट उघडून चिमट्याने दाणे परतायची. कोणत्या घराण्याचा आहे ते कळणार नव्हतंच. निघाला असता तरी उपयोग नव्हता. हे तिनेच मला समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाट उघडलं.

विभागप्रमुखांना तिने सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि समितीने फलक वाचला का?" वाचला होता. समितीतल्या एका गृहस्थांना 'सहजीवन' फार आवडलं होतं.

आई दोन आठवड्यांनी परत निघाली. आम्ही दोघं तिला सेंट्रलला पोचवायला गेलो. गाडी लागलेली होती. आई खिडकीशी बसली, तिने पिशव्या मोजल्या, मग खिडकीतून सुनेचा हात हातात घेतला.

"उगाच म्हातारी लुडबुड करते म्हणू नकोस हं. तुझ्या त्या चवळीला मी आपलं आपण हात नव्हता लावला. कॉलेजची वस्तू. याला फोन करून विचारलं होतं. हा म्हणाला, दाखव ऊन, तेव्हाच काढली."

"हो का," ती म्हणाली. "बरं केलंत विचारलंत ते."

तिने आईचा हात सोडला नाही. गाडी हलेपर्यंत ती आईशी गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलत राहिली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्म रिकामा व्हायला लागला. ती बाकावर बसली. मी शेजारी बसलो.

"कुठे होतास फोन आला तेव्हा?"

"यंत्रापाशी."

"आवाजात ऐकू आलं नाही?"

इथे मला एक दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "आलं."

ती समोरच्या रुळांकडे बघत होती. "तू विसरलास म्हणून हो म्हणालास, की आठवलं म्हणून?"

मला खरंच माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. मी शोधायला लागलो. त्या सकाळचं यंत्र, पिन, आईचा आवाज, सव्वा वर्ष, बसस्टॉपवरचा हिशेब. प्रामाणिक उत्तर द्यायचं होतं म्हणून वेळ लागत होता. पण असल्या प्रश्नाला वेळ लागणं हेच उत्तर असतं. माझं शोधून व्हायच्या आत ती उठून उभी राहिली.

"मी तुझ्यावर रागावले नाहीये," ती म्हणाली. "राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त भीती वाटतेय."

"माझी?"

"तुला मला काही करायचं नव्हतं, हे मला कळतंय रे. त्याचीच."

पस्तीस दिवस पूर्ण होईपर्यंत ती घरात राहिली. आम्ही फार सभ्यपणे वागलो. मी न सांगता बाजारातून भाजी आणायचो, ती माझे डबे भरायची. एकमेकांना वाट देताना आम्ही हॉटेलातल्या अनोळखी माणसांसारखे अंग चोरून घ्यायचो. ती रोज दाणे परतायची. मला वाटायचं, एक निघू दे. कुठल्याही घराण्याचा, एकच निघू दे. मी, ज्याने त्यांना गच्चीवर पाठवलं, तो सकाळी तिच्याआधी उठून कपाटाचं दार उघडून बघायला लागलो. एकदा तिने मला तसं पाहिलं. ती तशीच परत गेली आणि तिने चहा टाकला.

काही निघालं नाही. छत्तिसाव्या दिवशी तिने दाणे कचऱ्यात टाकले, परात घासली आणि दोन बॅगा भरल्या. तिला नुंगंबाक्कमला कामकरी मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. मामींच्या पाया पडायला गेली तेव्हा मामींनी तिच्या केसांत फूल माळलं आणि मला तमिळमध्ये विचारलं, काय झालं? पोरीला त्या मराठीत विचारायच्या, जबाबदार माणसाला तमिळमध्ये. मी म्हणालो, तिचं काम वाढलंय, जायला-यायला लांब पडतं. "बरवं," मामी म्हणाल्या, पण त्यांनी मान हलवली नाही.

तिने पहिल्या पिढीपासून पुन्हा सुरुवात केली. हे मला तिच्याकडून नव्हे, कॉलेजच्या शिपायाकडून कळलं. मी तिथे दोन-तीनदा उगाच गेलो होतो. दीड वर्षाने आम्ही दोघांनी संमतीने अर्ज केला. कोर्टात न्यायाधीशांनी कारण विचारलं तेव्हा आमच्या वकिलांनी 'स्वभाव न जुळणे' असं सांगितलं. आमचे स्वभाव उत्तम जुळायचे. आम्ही दोघंही तिथे गप्प बसलो, यातही जुळले.

आईला मी आजवर खरं सांगितलेलं नाही. तिची समजूत आहे की सून शिकलेली होती म्हणून गेली.

मग एके दिवशी तिचा ईमेल आला, दोन ओळींचा. तोंडी परीक्षा जाहीर आहे, कुणीही येऊन बसू शकतं, तुला यावंसं वाटलं तर ये. मी अर्धी रजा टाकली.

सभागृहात कापडी फलक होता, त्यावर परीक्षकांचं नाव तिच्या नावापेक्षा मोठं. समई होती. समई पेटवायला विभागप्रमुख, प्राचार्या आणि बाहेरून आलेले परीक्षक अशी तीन माणसं लागली, आणि पंखा बंद करायला चौथं. शाल झाली, फुलं झाली. मी शेवटच्या रांगेत बसलो. ती सुती साडीत होती, बारीक झाली होती. तिने पहिल्याच पारदर्शिकेवर 'लैंगिक संघर्ष' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. विभागप्रमुखांनी शाल सारखी केली.

ती चांगली बोलली. काटे, लाथा, जखमा, सगळं त्याच सपाट आवाजात. पुढच्या रांगेतल्या बायका वह्या काढून लिहून घेत होत्या, लाजल्याचं कुठे दिसलं नाही. ती संपल्यावर परीक्षकांनी चष्मा काढून प्रबंधाची पानं मागे नेली.

"तुमच्या मूळ आराखड्यात चाळीस पिढ्या आहेत. प्रबंधात एकोणीस. का?"

मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. तिथे दुसऱ्या कुणालाही माहीत नसलेली एक गोष्ट त्या खोलीत दोन माणसांना माहीत होती.

"मूळच्या लाइन चोविसाव्या पिढीत गेल्या, सर. काही दिवस त्या प्रयोगशाळेबाहेर ठेवाव्या लागल्या होत्या. एका दिवशी तापमान हाताबाहेर गेलं."

"यंत्र बिघडलं?"

"नाही, सर. माणसाची चूक."

"कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला मी स्वतः सांगायला हवं होतं. दुसऱ्यावर सोपवलं."

परीक्षकांनी मान डोलावली आणि कसलीशी खूण केली. प्रश्न संपला. मला उठून काही तरी म्हणावंसं वाटलं. जाहीर परीक्षेत श्रोत्यांना प्रश्न विचारता येतात. कबुली देता येते का ते नियमात नसावं.

सगळं आटोपल्यावर बाहेर व्हरांड्यात कॉफीचे पेले फिरत होते. ती लोकांतून वाट काढत माझ्यापर्यंत आली.

"आलास."

"हो. छान बोललीस."

"आई कशा आहेत?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालते आता."

"त्यांना सांग मी विचारलं म्हणून." मग तिने कुणीतरी पुढे केलेला कॉफीचा पेला घेतला. "नको. राहू दे."

मला एवढंच विचारायचं होतं, आणि तेवढ्यासाठी मी आलो होतो, हे तोवर मलाही माहीत नव्हतं. "काय निघालं? जोडीतले नर झाले का मवाळ?"

तिने पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. परीक्षकांपुढे तिने याचं उत्तर आकड्यांत दिलं होतं आणि ते मला कळलं नव्हतं.

"थोडे," ती म्हणाली. "खात्रीने सांगता येईल इतके नाही. पिढ्या कमी पडल्या."

कुणीतरी तिला फोटोसाठी हाक मारली. ती पेला माझ्या हातात देऊन गेली. परीक्षक मध्ये, शेजारी प्राचार्या, शाल, फुलं, कडेला ती. फोटोवाल्याने माझ्याकडे पाहून हातानेच विचारलं, तुम्ही पण? मी मागे सरलो आणि तिचा अर्धा पेला हातात धरून त्यांचा फोटो काढून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.